मंडळीचा अभ्यासवर्ग, महापालिकेची शाळा आणि दप्तरात सापडलेली पुस्तिका

वानवडीकर

सर्वांना सलाम.

पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबलच्या वर्गात) मी गेली अकरा वर्षे शिकवते आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने देवळापासून, म्हणजे आमच्या चर्चपासून, दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या महापालिकेच्या शाळेत, शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग सुरू केला. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, पाचवी ते सातवीची मुले. गणित, इंग्रजी आणि मराठी वाचन. यातल्या बहुतेक मुलांचे आईवडील बांधकामावर किंवा घरकामाला जातात आणि संध्याकाळी सातपर्यंत घराला कुलूप असते. वर्ग सुरू करायला आम्हांला एवढे कारण पुरेसे होते. मुख्याध्यापिकाबाईंना आम्ही तेव्हाच लेखी दिले होते की या वर्गात प्रार्थना, गीत किंवा धार्मिक शिकवण यांपैकी काहीही होणार नाही, आणि तो शब्द आम्ही सहा वर्षे पाळला.

गेल्या नाताळाच्या आठवड्यात तो मोडला. बाहेरगावच्या एका संस्थेचे पाच-सहा तरुण मंडळीच्या पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) ओळखीने मुलांना खाऊ वाटायला आले. मला त्या दिवशी कामावरून लवकर निघता आले नाही, आणि वर्गावर असलेल्या आमच्या दोन नवख्या मुलांनी पिशव्या उघडून पाहिल्या नाहीत. प्रत्येक पिशवीत तेलखडूंची पेटी, चिक्कीचे पाकीट आणि एक रंगीत पुस्तिका होती. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कापून परत द्यायचा तक्ता होता. नाव, इयत्ता, पत्ता, पालकांचा मोबाईल क्रमांक, आणि खाली प्रार्थनेची विनंती लिहायला तीन ओळींची मोकळी जागा. सहावीतल्या एका मुलीने त्या जागेत पेन्सिलीने लिहिले होते, 'पप्पांची दारू सूटू दे'. 'सू' दीर्घ काढला होता. ऱ्हस्व-दीर्घाचा सराव आम्ही त्याच आठवड्यात घेतला होता. ते अक्षर मी शंभर वह्यांतून ओळखले असते.

पान कापले जाण्याआधी पुस्तिका तिच्या आईला दप्तरात सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी ती माउली शाळेत आली. ती ओरडली नाही. मला एवढेच म्हणाली, "ताई, तुमचा देव वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या घरातली गोष्ट कोणाच्या हातात जाणार होती?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते तरुण कोण, ती पाने कोठे जमा होणार आणि त्यांचे पुढे काय होणार, हे मलाही ठाऊक नव्हते. वर्ग त्याच दिवशी बंद झाला. बंद करणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंना मी दोष देत नाही.

आता मंडळीत दोन मते आहेत. काही जण म्हणतात की शाळांचा नाद सोडावा आणि जे काही करायचे ते देवळाच्या आवारात करावे. काही जण म्हणतात की मुलांपर्यंत सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) पोहोचवणार नसू तर आपण शिकवणीवाले झालो. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. ज्यांनी असे काम केले आहे, ज्यांच्या मुलांसाठी असे काम झाले आहे आणि ज्यांना कायदा कळतो, त्या सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

कायद्याचा विद्यार्थी

आधी कायद्याची चौकट सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या पहिल्या खंडानुसार, संपूर्णपणे राज्याच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणतेही धार्मिक शिक्षण देता येत नाही. महापालिकेची शाळा त्यात मोडते. तिसरा खंड मान्यताप्राप्त आणि अनुदानित संस्थांसाठी आहे. तेथे धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. म्हणजे मिशनच्या अनुदानित शाळेत संमतीने जे चालते, ते महापालिकेच्या शाळेत संमती असूनही चालत नाही. हा फरक मंडळ्यांतल्या अनेक जाणत्या लोकांनाही माहीत नसतो. 'शाळा सुटल्यावर केले' हा बचाव मला लंगडा वाटतो, कारण इमारत तीच, मुले तीच, आणि पालकांच्या दृष्टीने विश्वास ठेवला तोही त्याच शाळेवर.

दुसरीकडे, धर्मांविषयी माहिती देणे आणि एका धर्माची शिकवण देणे यांत सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात फरक केला आहे. दिवाळी, ईद आणि नाताळ हे सण काय आहेत हे वर्गशिक्षकांनी सांगणे यात वावगे काही नाही. अनुच्छेद २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्कही आहे. मात्र १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात तिच्या पालकांना न कळवता टाकलेली पुस्तिका यांपैकी कशात बसते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पाळकपुत्र

ताई, आपल्या कष्टांबद्दल मला आदर आहे, तरीही आपले एक म्हणणे मला खुपते. दिवा लावून मापाखाली ठेवायचा नसतो, हे आपण शब्बाथशाळेत मुलांना शिकवतो. मग तोच दिवा शाळेच्या फाटकापाशी विझवून आत जायचे, हे कसे? माझे वडील चाळीस वर्षे खेड्यापाड्यांत सायकलवर फिरले. ते कोणाशी खोटे बोलले नाहीत आणि त्यांनी कोणाला आमिषही दाखवले नाही. पण आपण कोणाचे आहोत हे त्यांनी कधी लपवलेही नाही. त्या मुलीने तीन ओळींत जे लिहिले, ते तिला दुसऱ्या कोणाजवळ बोलता आले नसेल. तिच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी असावे, यात चूक कोणती?

वानवडीकर

पाळकपुत्र, तिच्यासाठी प्रार्थना व्हावी यात चूक नाही. मी रोज करते. चूक त्या तक्त्यात आहे. तिने जे लिहिले ते ओळखीच्या माणसाला सांगितले असते, तर ऐकणाऱ्यावर दुसऱ्या दिवशीही तिला भेटण्याची जबाबदारी आली असती. आपले वडील त्या गावात पुन्हा जात होते आणि लोकांना त्यांचे घर माहीत होते. ही पाने मात्र एका गठ्ठ्यात बांधली जाऊन, जिथे त्या मुलीला कोणी ओळखत नाही अशा जागी गेली असती, आणि आज आमच्याकडे इतक्या विनंत्या आल्या म्हणून तेथे मोजली गेली असती. मुलाच्या मनातले दुःख हा आकडा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण कोणाचे आहोत हे आम्हीही लपवलेले नाही. वर्ग मंडळीतर्फे चालतो हे पहिल्या दिवसापासून प्रत्येक पालकाला माहीत आहे, आणि नाताळच्या फराळाचे निमंत्रण आम्ही दरवर्षी मुलांऐवजी त्यांच्या घरी जाऊन पालकांना देतो. काही येतात, काही येत नाहीत. आले नाहीत म्हणून कोणाच्या मुलाकडे वर्गात कमी लक्ष दिले गेले, असे एकदाही झालेले नाही.

गुरुवारपेठी

हा वाद पुण्याला नवा नाही. मी पंचहौद मिशनजवळ वाढलो. पवित्र नाम देवालयाचा तो उंच मनोरा आणि त्यातल्या घंटा हे माझे बालपण. १८९० मध्ये त्याच मिशनमध्ये पुण्यातली मोठमोठी माणसे चहा प्यायली म्हणून केवढे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण) झाले, ते सर्वांना माहीत आहे. पण या धाग्याशी जवळचे उदाहरण दुसरे आहे आणि ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन हे विधवांसाठीचे शाळा-वसतिगृह काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेला होता आणि सदनाला पैसा अमेरिकेतून येत होता; तरीही येथे प्रत्येक मुलीला आपापला धर्म पाळता येईल या आश्वासनावर रानडे आणि भांडारकर सल्लागार झाले, आणि ब्राह्मण घरांनी आपल्या विधवा मुली तेथे पाठवल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझे दारही लावून घेणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे की ज्या बाईवर मुलींचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण अवलंबून आहे, तिचे उघडे दार हेच बोलावणे आहे. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मी रमाबाईंना फार मोठे मानतो. त्यांनी पुढे उभारलेले केडगावचे मुक्तिसदन पाहिलेल्या माणसाला दुसरे काही वाटणे शक्य नाही. तरीही त्या उघड्या दाराविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे मला खरे वाटते. त्या वादात शेवटी ज्या मुलींना घरी परत नेले गेले, त्यांचे शिक्षण थांबले. म्हणून वानवडीकर ताईंच्या वर्गातली मुले आज संध्याकाळी कोठे आहेत, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

याची दुसरी बाजूही विसरू नये. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. मिशनच्या शाळेतून शिकून ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःचा सत्यधर्म मांडला. त्या शिक्षणाचे फळ कमी होते, असे कोण म्हणेल?

हडपसरची आई

मी हिंदू आहे. माझी मुलगी तीन वर्षे अशाच एका अभ्यासवर्गाला जात होती. वर्ग घेणारे ख्रिस्ती आहेत हे मला माहीत होते आणि त्यामुळे माझे काही अडले नाही, कारण सरांनी आमच्या घरी येऊन, आमच्या ओट्यावर बसून सांगितले होते की आम्ही काय शिकवणार आणि काय शिकवणार नाही. पुस्तिकेपेक्षा मला जास्त राग पालकांच्या मोबाईल क्रमांकाच्या रकान्याचा आला. शाळेत दिलेला क्रमांक शाळेसाठी असतो. गरीब माणसाच्या मुलाला खाऊ देऊन त्याच्याकडून घरची माहिती काढून घ्यायची, हे कोणत्याही धर्माच्या माणसाने केले तरी मला ते तितकेच चुकीचे वाटेल.

खडकीकर

एक वेगळा मुद्दा मांडतो. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत आमची पाच-सात ख्रिस्ती कुटुंबे होती आणि मी मराठी शाळेत वर्गातला एकटा ख्रिस्ती मुलगा होतो. शाळेत रोज प्रार्थना होई, सरस्वतीपूजन होई. मी हात जोडून उभा राहत असे आणि त्याचे मला वाईटही वाटत नसे. वाईट वाटे ते याचे, की मंडळीतल्या कोणीही मला कधी विचारले नाही की शाळेत तुझे कसे चालले आहे. आज आपण दुसऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचण्याविषयी एवढे बोलतो, पण महापालिकेच्या शाळांत आपलीच जी मुले आहेत, मोठ्या कॉन्व्हेंटची फी ज्यांच्या घरी परवडत नाही, त्यांची यादी तरी किती मंडळ्यांकडे असेल? विद्यार्थ्यांमधली सेवा तेथून सुरू व्हायला हवी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणि शाळेत सरस्वतीपूजन चालते तर आमचे का चालू नये, असा प्रश्न आमच्या बैठकांत नेहमी निघतो. त्याचे उत्तर संविधानाच्या अंगाने जे असेल ते असो. पण दुसऱ्याने ओलांडलेली रेघ दाखवून आपण ती ओलांडू लागलो, तर एकट्या पडलेल्या मुलाच्या बाजूने बोलायला कोणीच उरणार नाही. मी तो मुलगा होतो.

इंडियानावासी

मी मूळचा नगरचा. येथे अमेरिकेत मंडळ्या सरकारी शाळांतल्या मुलांमध्ये खूप काम करतात, आणि तिकडच्या काही संस्था तेच नमुने भारतात जसेच्या तसे वापरतात. बहुधा ती पुस्तिकाही अशाच एखाद्या नमुन्यावरून आली असावी. म्हणून येथे नियम काय आहेत हे सांगतो.

माझ्याच राज्यातल्या गॅरी शहरात १९१४ मध्ये शाळेच्या वेळात मुलांना धार्मिक शिक्षणासाठी आपापल्या देवळात सोडण्याची पद्धत सुरू झाली. पुढे इलिनॉयमधल्या शँपेन गावात बाहेरचे शिक्षक थेट शाळेच्या इमारतीत येऊन धर्माचे वर्ग घेऊ लागले. एका आईने खटला भरला आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पालकांच्या लेखी विनंतीवरून मुलांना शाळेबाहेर सोडणे ग्राह्य मानले. १९८४ च्या समान संधीच्या कायद्याने माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांना स्वतःचे धार्मिक मंडळ चालवण्याची मुभा मिळाली. पण ते मंडळ विद्यार्थ्यांनीच चालवायचे, बाहेरच्या माणसाने ते चालवायचे नाही आणि तेथे नियमित हजरही राहायचे नाही, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर बायबलचा वर्ग घेण्याचा प्रश्न २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्ड गावाच्या खटल्यात आला. तेथे निकाल वर्गाच्या बाजूने लागला, कारण इमारत इतर संस्थांना खुली होती आणि मुले पालकांच्या परवानगीने येत होती.

यातला शेवटचा भाग ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. तो निकाल अमेरिकेच्या घटनेचा आहे. आपल्याकडे अनुच्छेद २८ आहे आणि तो जास्त स्पष्ट आहे. पालकांच्या सहीला मात्र येथेही टाळता येत नाही. आमची मंडळी गेली काही वर्षे जवळच्या शाळेतल्या गरजू मुलांसाठी दर शुक्रवारी शनिवार-रविवारच्या खाण्याच्या पिशव्या भरते. पिशव्या शाळेचे समुपदेशक वाटतात, कोणत्या मुलाला मिळाली हे आम्हांला सांगितले जात नाही, आणि पिशवीत खाण्याशिवाय काही नसते. सुरुवातीला मला हे कोरडे वाटले होते. पण अंधारात उभे राहून शेंगदाणा बटरच्या बरण्या मोजताना जी शांतता मिळते, ती मला फार कमी ठिकाणी मिळाली आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका

मी महापालिकेच्या शाळांत एकतीस वर्षे काढली. मंडळी, गणेश मंडळ, रोटरी, जैन संघ, आयटीवाले, सगळे माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत. टेबलाच्या माझ्या बाजूने काय दिसते, ते सांगते.

बाहेरचा माणूस वह्या घेऊन येतो तेव्हा मुख्याध्यापिका दोन गोष्टी एकदम पाहत असते. एक, माझ्या पोरांना वह्या हव्या आहेत. दोन, उद्या काही झाले तर उत्तर मलाच द्यायचे आहे. तक्रार आली की वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात, लेखी परवानगी कोठे आहे? म्हणून तोंडी ओळखीवर कोणालाही आत घेऊ नका आणि स्वतःही तसे जाऊ नका. आपल्या प्रकरणात पाळकसाहेबांची ओळख हीच परवानगी समजली गेली, आणि घोटाळा तेथेच झाला.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे, पण आपल्याला हवी असलेली जागा तीच आहे. पुन्हा वर्ग सुरू करायचा असेल तर अर्ज मुख्याध्यापिकांकडे द्या, समितीच्या बैठकीत स्वतः उभे राहून झालेली चूक सांगा, ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्या. पालकांना जे सांगायचे ते मराठीत सांगा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

वर्गात कायम दोन मोठी माणसे असावीत आणि दार उघडे असावे. मुलांचे फोटो काढू नयेत. भेटवस्तू आली तर ती आदल्या दिवशी शाळेच्या कार्यालयात उघडून दाखवावी आणि शिक्षकांच्या हातून वाटावी. एखादे मूल घरातले काही सांगू लागले तर ते ऐकून घ्यावे, त्याला खोदून विचारू नये आणि वर्गशिक्षकांना कळवावे. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे पाळकांना विचारू, मंडळीत बोलू, असे म्हणून एक दिवसही घालवायचा नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

त्या मुलीविषयी एक सांगते. तिने जे लिहिले ते वाचल्यावर आपल्यापैकी कोणी तिच्या आईला दारू सोडवणाऱ्या केंद्राविषयी काही सांगितले का? पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

वानवडीकर

बाई, आपला शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आम्ही सांगितले नव्हते. पुस्तिका, परवानगी आणि मंडळीची अब्रू यांतच आम्ही गुंतलो होतो.

काल संध्याकाळी मी त्या माउलीच्या घरी गेले. मुक्तांगणची माहिती एका कागदावर लिहून नेली होती. तिने कागद घेतला, घडी करून डब्याखाली ठेवला आणि चहा टाकला. नवऱ्याविषयी ती फार बोलली नाही. निघताना म्हणाली की मी शाळेच्या त्या समितीत आहे, पण मला कधी कोणी बोलावलेच नाही. बैठक असेल तर तारीख सांगा. मुलगी दारात बसून अपूर्णांकांची गणिते करीत होती. तिचा छेद समान करण्यात गोंधळ होतो, तो अजून तसाच आहे.

पाळकपुत्र, आपल्या वडिलांविषयी आपण जे लिहिले ते मी आमच्या तरुण संघात वाचून दाखवणार आहे, कारण मला त्यात सायकल महत्त्वाची वाटते. पुन्हा पुन्हा त्याच गावात जाणे. खडकीकर, आपल्या मुलांची यादी करण्याचे काम मी येत्या रविवारी उपासनेनंतर हातात घेते. आमच्या मंडळीतली किमान चार मुले महापालिकेच्या शाळांत आहेत हे मला आत्ता आठवते आहे, आणि चौघांपैकी एकाच्याच शाळेचे नाव मला सांगता येते.

पाळकपुत्र

ताई, तक्त्याविषयीचे आपले म्हणणे मी मान्य करतो. सुवार्तेविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण तिची जागा देवळात आणि घराच्या ओट्यावर आहे, वर्गात नाही, इतपत मी आलो आहे. मी येरवड्याला राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वर्ग पुन्हा सुरू झाला तर मंगळवारी मला येता येईल.

वानवडीकर

मंगळवार गणिताचा असतो. समितीची बैठक येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला ठरली आहे. अर्जाचा मसुदा मी उद्या येथे टाकते. बाईंनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द न् शब्द तपासून द्यावा. शुक्रवारच्या इंग्रजीसाठी अजून एका माणसाची गरज आहे.